डोकं मुंबईत, पडदा कामरगावात

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं कामरगाव. अशा गावात संगणकाचं काम अडण्याच्या तीन तऱ्हा असतात. पहिली, ‘लाइन गेली’. दुसरी, ‘लाइन आहे, पण नेट नाही’. तिसरी सगळ्यांत चिडवणारी. लाइन असते, नेट असतं, संगणकही सुरू असतो, आणि तरी ऑनलाइन सेंटरवाला मान हलवतो, “साइट चालूनच नाही राहिली. सर्व्हर डाऊन हाय.” पहिल्या दोन तऱ्हांवर गावाकडे उतारा आहे: इन्व्हर्टर, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं सिम आणि मोबाइलचा हॉटस्पॉट. तिसरीवर नाही, कारण बिघडलेलं यंत्र गावात नसतंच. ते मुंबईत असेल, हैदराबादला असेल, कदाचित आणखी कुठे. सातबाऱ्याच्या कामासाठी शेतातलं काम टाकून आलेल्या माणसाला ते दाखवताही येत नाही.

संगणक चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, कुठे असावी, हा वाद ऑनलाइन सेंटरच्या याच खिडकीपाशी येऊन थांबतो. एक रीत जुनी आणि सवयीची. विंडोज किंवा लिनक्स त्याच डब्यातल्या डिस्कवर बसवायचं, फायलीही तिथेच ठेवायच्या. दुसऱ्या रीतीत टेबलावर उरतात फक्त पडदा, कळफलक आणि माऊस. खरा संगणक दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालतो आणि त्याच्या पडद्याचं चित्र तेवढं वायरीतून इकडे येतं. मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज ३६५’ ऑगस्ट २०२१पासून याच पद्धतीने भाड्याने मिळतं. गूगलची २०११ साली बाजारात आलेली क्रोमबुकं मधल्या वाटेची. त्यांची प्रणाली डब्यातच असते, लिनक्सच्या पायावर उभी. मात्र बहुतेक कामं आणि कागदपत्रं इंटरनेटवर. पूर्णपणे ‘ढगातला’ संगणक असा नसतोच. ढगापर्यंत पोचण्यासाठीही इथल्या डब्यात थोडी प्रणाली लागते.

हा वाद इतके दिवस इंग्रजी मासिकांत होता. २०२५ साली तो इकडे आला, आणि दोन्ही दारांनी आला. मुंबईच्या रिलायन्सने त्या वर्षीच्या जुलैत ‘जिओ पीसी’ आणला. घरातला टीव्ही, कंपनीचा सेट-टॉप बॉक्स, एक कळफलक आणि माऊस जोडला की टीव्हीवर उबंटू लिनक्सचा संगणक उघडतो. त्याची आठ जीबी स्मृती आणि शंभर जीबी साठा दोन्ही कंपनीकडे. भाडं महिन्याला ५९९ रुपये, वर जीएसटी. मग १४ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या तीन दिवस आधी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि साधारण २०१८नंतरच्या पिढीचा प्रोसेसर. झेरॉक्सच्या दुकानातला, शाळेतला, पतसंस्थेतला जुना पण धडधाकट संगणक त्या परीक्षेत नापास होतो.

भाड्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. महिन्याच्या दराने तीन वर्षांचे होतात २१,५६४ रुपये; अठरा टक्के जीएसटी धरला तर पंचवीस हजारांच्या वर. वर्षाचे पैसे एकदम भरले तर बरंच स्वस्त पडतं, हे खरं. पण तीन वर्षांनी हातात काय राहतं? कळफलक आणि माऊस. उलट बाजूही तितकीच खरी. ज्या घरात मुलीला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमापुरताच संगणक हवा आहे, तिथे एकरकमी तीस हजार काढण्यापेक्षा महिन्याचे सहाशे सोपे. व्हायरस काढायला, विंडोज ‘मारायला’ कारंज्याला किंवा अमरावतीला डबा उचलून न्यावा लागत नाही, हाही मोठाच फायदा.

भाड्याच्या मालकीचा अनुभव या मुलखाला नवा नाही. पूर्वी मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणाऱ्या ‘शकुंतला’ या अरुंद रुळांच्या गाडीची वाट वऱ्हाडातला कापूस वाहण्यासाठी टाकली गेली. १९५१च्या सुमाराला देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, तेव्हा ही वाट मूळ ब्रिटिश कंपनीकडेच राहून गेली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि मोबदला द्यायचा कंपनीला, असा प्रकार पुढे कित्येक वर्षं चालला. डब्यात बसणाऱ्या वऱ्हाडी माणसाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. गाडी वेळेवर येते का, एवढंच तो विचारी.

जुन्या डब्याला तिसरी वाटही आहे: त्यावर लिनक्स चढवायचं. सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ ही लिनक्सवरची भारतीय प्रणाली काढली, मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली. या सी-डॅकची पुण्यात उभारणी करणारे आणि १९९१चा ‘परम ८०००’ महासंगणक घडवणारे डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे शकुंतलेच्याच पट्ट्यातले. तरीही ‘बॉस’ ऑनलाइन सेंटरच्या टेबलापर्यंत फारसं पोचलं नाही. कारण रुक्ष आहे. दुकानदाराचा प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, जुन्या मराठी फॉन्टातल्या फायली, या सगळ्याचा संसार विंडोजवर मांडलेला. प्रणाली फुकट मिळाली तरी संसार हलवायला पैसे पडतात.

दूर कुठेतरी बसलेल्या संगणकावर काम करण्याची कल्पना तशी म्हातारी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक बसला. देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक आपली गणितं छिद्रं पाडलेल्या कार्डांवर तिकडे धाडत आणि उत्तराची वाट पाहत. वायरीच्या जागी टपाल होतं, एवढाच फरक. नंतर संगणक टेबलावर मावू लागला, तेव्हा लोकांना कशाचं अप्रूप वाटलं असेल तर रांग संपल्याचं. आज तीच रांग ‘प्लीज वेट’ म्हणत गोल गोल फिरते.

सातबाऱ्याने हा सगळा फेरा एकट्याने केला आहे. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा केंद्राचा पहिला प्रयोग १९८८-८९मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत झाला. महाराष्ट्रातून त्यात होता विदर्भातलाच वर्धा. कामरगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. पुढे तालुक्यातालुक्यांच्या तहसील कचेऱ्यांत संगणक बसले आणि प्रत्येक तालुक्याचा विदा, म्हणजे डेटा, त्याच्याच कचेरीत राहिला. तहसिलीत वीज असली की उतारा मिळे, पण तो त्याच तहसिलीत. पुण्यात नोकरी करणाऱ्याला उताऱ्यासाठी कारंज्याचं तिकीट काढणं भाग होतं. मग ‘ई-फेरफार’ या ऑनलाइन प्रकल्पाने हे सगळं एका जागी ओढलं. गोळा करताना हस्तलिखित आणि संगणकातला उतारा जुळेना. कुठे नाव चुकलेलं, कुठे क्षेत्र. २०१७मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं, ‘री-एडिट’चं मोठं काम तलाठ्यांनी उपसलं आणि १ मे २०१८ला डिजिटल सहीचा सातबारा आला. आता तो पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. पुण्यातून निघतो, सुरतेतून निघतो. हा फायदा क्षुल्लक म्हणणाऱ्याने तलाठ्याची वाट पाहत काढलेली सकाळ कधी पाहिलेली नाही. मात्र पूर्वी एका तहसिलीचा संगणक बंद पडला की एक तालुका अडायचा. आता ऐन पीककर्जाच्या दिवसांत सर्व्हर दमला, तर वऱ्हाडापासून कोकणापर्यंत एकाच वेळी सगळे हात बांधून बसतात.

मग संगणक गावातच ठेवायचा? तेही महाराष्ट्राने करून पाहिलं आहे, मोठ्या हौसेने. १९९८मध्ये तात्यासाहेब कोऱ्यांच्या वारणानगर परिसरात, कोल्हापूर-सांगलीच्या सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावात संगणक-केंद्र, त्यातून शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, आरोग्य, असा थाट ठरला होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू संशोधनशाळेतले राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी तिथे जाऊन पाहिलं. केंद्रांवर प्रत्यक्षात चाले ते तिथल्या साखर कारखान्याचंच काम: ऊस किती गेला, खत किती उचललं, पैसे किती जमा झाले. एवढ्यासाठी संगणक सांभाळणं महागात पडत होतं. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस आणला. शेतकऱ्याने संदेश टाकायचा, कारखान्याचा आकडा परत यायचा. काम भागलं, शिवाय स्वस्तात. जगभर विंडोज विकणाऱ्या कंपनीचेच संशोधक गावातला संगणक काढून टाका म्हणत होते, ही गंमत वेगळीच.

बिघाडांचा इतिहासही कुणा एकाची बाजू घेत नाही.

२७ जून २०१७ला ‘नॉटपेट्या’ नावाचं घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधून सुटलं आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर एकामागून एक काळे पडले. न्हावा शेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही त्यात होतं. यंत्रांनी हलणारे कंटेनर माणसांनी कागदावर नोंदी करत हलवायची पाळी आली. कोणाला कुठे शिरायची परवानगी, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर कंपनीने जगभर ठेवले होते. एक गेला तर दुसरा आहे, म्हणून. पण ते सतत एकमेकांशी जुळवून घेत असल्याने सगळे एकदमच पुसले गेले. वाचला एकच, घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. तिथली वायर इतकी बारीक की विदा पाठवायला दिवस लागले असते. शेवटी डिस्क हातात घेऊन माणूस विमानाने नायजेरियाला गेला, तिथून दुसऱ्याने ती लंडनला पोचवली. वीज जाण्याने जगातली एक बलाढ्य कंपनी तारली, ही गोष्ट महावितरणच्या कुठल्याही ग्राहकाला पटकन पटणार नाही. पण घडली ती अशीच.

१९ जुलै २०२४ची गोष्ट उलट्या जातीची. विंडोज स्थानिकच होतं, प्रत्येक डब्यात बसवलेलं. त्याच्या राखणीला ठेवलेल्या क्राउडस्ट्राइकच्या सॉफ्टवेअरला ढगातून एक सदोष फाइल आली. ती जेमतेम सव्वा तास वाटली जात होती, तेवढ्यात ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. बिघाड ढगातून आला खरा, पण दुरुस्ती ढगातून होईना. एकेका यंत्रापाशी माणूस बसवून ती फाइल काढावी लागली. त्याच महिन्याच्या अखेरीला सी-एज या सेवा पुरवठादारावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे तीनशे लहान बँका खबरदारी म्हणून एका दिवसासाठी देशाच्या पेमेंट जाळ्यातून बाजूला काढल्या गेल्या. त्यांत सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. त्यांचे स्वतःचे संगणक धड होते.

आणि नायराची गोष्ट. गावोगावच्या रस्त्यांवर जिचे पेट्रोल पंप दिसतात, ती ही कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा जवळपास निम्मा वाटा. १८ जुलै २०२५ला युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि चार दिवसांनी मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल आणि टीम्सची दारं बंद केली. पैसे भरलेले होते, विदा कंपनीचाच होता, निर्बंध भारताचे नव्हते. कर्मचारी दुसऱ्या ईमेलवर धावले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा पुन्हा सुरू झाली. यात ना लाइन गेली होती, ना नेट, ना सर्व्हर पडला होता. कामरगावच्या खिडकीवर अजून न ऐकलेली ही चौथी तऱ्हा: चावी दुसऱ्याच्या कनवटीला असण्याची.

प्रती किती आणि कुठे ठेवाव्यात, हा प्रश्न कारंज्याला संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. दिगंबर जैनांच्या षट्खंडागम या ग्रंथावरची ‘धवला’ टीका शतकानुशतकं मूडबिद्रीच्या भांडारात कडीकुलपात होती. विसाव्या शतकात तिच्या नकला बाहेर पडल्या, काही तर चोरून. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९मध्ये पहिला खंड छापला तो अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती ताडून. एका प्रतीतला गळलेला शब्द दुसरीत सापडे. भांडारकऱ्यांनी ग्रंथ जपला हे कबूल. पण तो वाचता आला तो नकला झाल्यामुळे.

सेवा सहकारी सोसायटीच्या गटसचिवांसमोर आता हाच पेच उभा आहे. केंद्राने जून २०२२मध्ये ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी. सगळ्यांना एकच राष्ट्रीय सॉफ्टवेअर, जिल्हा बँक आणि नाबार्डशी जोडलेलं. खातेवही बदलली, खाडाखोड झाली तर ती वर दिसणार, हे सभासदाच्या भल्याचंच आहे. पण मार्चअखेरच्या वसुलीच्या दिवशी जोडणी तुटली तर पावती कशी फाडायची, याचं उत्तर सचिवाकडे टेबलाच्या खणात असलेलं बरं. कार्बन घातलेलं जुनं पावतीपुस्तक टाकून द्यायची घाई त्याने करू नये.

सरकारी कामातच याचा एक शहाणा नमुना आहे आणि त्याचं कौतुक फारसं कोणी करत नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर लागू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’त शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि ती नोंद गाव नमुना बाराला लागते. शेतात रेंज नसते हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं. म्हणून फोटो, पीक, क्षेत्र सगळं आधी मोबाइलमध्येच साठवता येतं आणि ‘अपलोड’ची कळ वेगळी ठेवलेली असते. शेवटच्या तारखांना तिथेही सर्व्हर दमतोच. तरी कामरगाव शिवारातल्या तुरीचा फोटो तुरीपाशीच निघतो. मग माणूस गावाकडे वळतो, आणि वाटेत कुठे मोबाइलच्या कोपऱ्यात दोन दांड्या उगवल्या की गाडी कडेला लावून कळ दाबतो.