चौफुलीवरचा पहिला नंबर

अमीन सयानींच्या ‘गीतमाला’ची १९९० सालची वार्षिक यादी पाहिली, तर सरताज, म्हणजे वर्षातले पहिले, गीत म्हणून ‘आज का अर्जुन’मधले बप्पी लाहिरींचे गाणे दिसते. त्याच वर्षी ‘आशिकी’ची कॅसेट देशभर अशी खपत होती की, दोन कोटी प्रती गेल्याचे आजही सांगितले जाते. एकाच वर्षाचे हे दोन विजेते. दोन्हींत खोटे काही नाही. गाण्याचा पहिला नंबर गाण्याइतकाच मोजणाऱ्यावर ठरतो आणि नव्वदच्या दशकात भारतात मोजणारे बरेच होते.

‘गीतमाला’ मोजायची ती रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पत्रे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर चाललेला हा कार्यक्रम १९८९ मध्ये विविध भारतीवर आला आणि १९९४ च्या सुमारास थांबला. दशकातले त्याचे पुढचे सरताज म्हणजे १९९१ ला ‘साजन’मधले एस. पी. बालसुब्रमण्यम आणि अलका याज्ञिक यांचे द्वंद्वगीत, १९९२ ला ‘फूल और काँटे’मधले कुमार सानू आणि अनुराधा पौडवाल यांचे, आणि १९९३ ला ‘खलनायक’चे ‘चोली के पीछे’. झुमरी तिलैयासारखे गाव देशाला ठाऊक झाले ते तिथून येणाऱ्या फर्माइशींच्या पोस्टकार्डांमुळे. दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर बाबा सहगल ‘सुपरहिट मुकाबला’ घेऊन आला, १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला, आणि गाण्यांची उतरंड रेडिओवरून पडद्यावर गेली. पण मेट्रो वाहिनीचे प्रक्षेपण मोठ्या शहरांपुरते होते. खेड्यात ती पोचायची ती केबलवाल्याच्या छत्रीतून, आणि छत्री सगळीकडे नव्हती.

मोजण्याची रीत बदलली की विजेता कसा बदलतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतले आहे. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक आपली यादी दुकानदारांना फोन करून बनवायचे, आणि दुकानदार आठवेल ते, आवडेल ते सांगायचे. मे १९९१ पासून अल्बमच्या यादीसाठी दुकानातल्या बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. काही आठवड्यांतच एन. डब्ल्यू. ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर आला, आणि सप्टेंबरात गार्थ ब्रुक्सचा कंट्री संगीताचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावरच दाखल झाला. ते ऐकणारी माणसे आधीही होती. मोजली जात नव्हती.

भारतात असा बारकोड कधी आला नाही. इथली मोजणी करायची तर कॅसेट जिथे वाजत होती तिथे जावे लागते, आणि त्यासाठी कोहमाऱ्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. सडक अर्जुनी तालुक्यातले हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. तेव्हा या रस्त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. पश्चिमेला साकोली, पूर्वेला देवरी आणि पुढे छत्तीसगड, उत्तरेला गोरेगाव-गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगाव. दशकाचा बहुतेक काळ हे गाव भंडारा जिल्ह्यात होते, १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. अशा चौफुलीवर ट्रक थांबायचे, एसटी थांबायची, पानठेल्यावर आणि ढाब्यावर टेप वाजत असायचा. मुंबईचे, पंजाबचे, रायपूरचे आणि गोंदियाचे कान इथे एकाच बाकावर चहा प्यायचे. इथे जे गाणे वाजायचे त्यामागे कुणा जाहिरातदाराचा पैसा नसायचा, ते कुणीतरी खिशातून पैसे देऊन घेतलेले असायचे.

ते घेतलेले असायचे कॅसेटवर. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने इतर कंपन्यांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत कॅसेट काढल्या आणि त्या किराणा दुकानात, पानठेल्यावर विकायला ठेवल्या. जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्या काढायला कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार मिळाला. ऑगस्ट १९९७ मध्ये मुंबईत त्यांची हत्या झाली, तोवर देशातल्या गाण्याच्या बाजाराची सारी रचना त्यांनी बदलून टाकली होती.

कॅसेट ही वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. सुमारे ३.८ मिलिमीटर रुंदीची तपकिरी फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडवरून सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे फीत सुमारे ८६ मीटर. फीत हेडला चिकटून राहावी म्हणून मधल्या खिडकीत पितळी पट्टीवर नमद्याचा चिमुकला तुकडा बसवलेला असतो. तो पडला की आवाज दबतो. रबरी चाकावर धूळ बसली की फीत त्याच्याभोवती गुंडाळते, मग ती हळूच सोडवायची आणि कॅसेटच्या दातेरी भोकात षट्कोनी पेन्सिल घालून गरगर फिरवत पुन्हा आत घ्यायची. चुरगळलेली जागा हेडखाली आली की गाणे क्षणभर पाण्यात बुडाल्यासारखे ऐकू येते. एकच गाणे पुन्हापुन्हा मागे घेऊन लावले की ही खोट नेमकी त्याच गाण्यात वाढत जाते. आवडत्या गाण्याची फीत आधी झिजते. नव्वदच्या दशकातल्या लोकप्रियतेचे याहून प्रामाणिक माप दुसरे नव्हते.

दुसरे माप कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात होते. कोरी कॅसेट द्यायची, कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, दोन दिवसांनी न्यायला यायचे. पाच-सहा मिनिटांचे गाणे धरले तर एका बाजूला पाच किंवा सहा गाणी बसतात. म्हणजे विसांतून दहा-बारा निवडावी लागत, आणि पहिल्या बाजूला पहिले कोणते हे ठरवावे लागे. अशी प्रत्येक चिठ्ठी ही एक क्रमवारीच होती, कुठल्याही साप्ताहिकात न छापलेली. कॅसेटच्या मागच्या कडेचा कान दुकानदाराने तोडला की त्यावर दुसरे काही भरता येत नसे. पण तिथे कागदाचा बोळा किंवा चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा कोरी करायला मोकळी. जुनी गाणी पुसून नवी भरली जात, आणि जी पुसली जात नसत ती टिकली असे समजावे.

आता क्रमवारी. निकष एकच, गाणे किती वेगवेगळ्या ठिकाणी चालले. टीव्हीच्या पडद्यावर चमकलेले गाणे ट्रकमध्ये, लग्नाच्या बँडवर, ढाब्यावर आणि मंडईच्या जत्रेत चालले की नाही?

या निकषाने पाचवा क्रमांक अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’चा. १९९५ चा हा अल्बम मॅग्नासाउंडचा, संगीत बिड्डू यांचे. चित्रपटाच्या आधाराशिवाय हिंदी गाणे इतके खपू शकते हे त्याने दाखवले, आणि मिलिंद सोमण घराघरांत पोचला तो केन घोष यांनी केलेल्या त्याच्या व्हिडिओतून. इंडीपॉपची, म्हणजे चित्रपटाबाहेरच्या पॉप गाण्यांची, बाकी मोठी नावे याच रांगेतली : ‘सुनो’मधला लकी अली (१९९६), हरिहरन-लेस्ली लुईस यांचे ‘कलोनियल कझिन्स’ (१९९६), सिल्क रूट आणि युफोरिया (१९९८), फाल्गुनी पाठक. यांतली कित्येक गाणी रचना म्हणून पुढच्या चारांहून सरस आहेत, लकी अलीचा थकलेला आवाज तर आजही अंगावर येतो. पण ती व्हिडिओसोबत वाढली, आणि जिथे व्हिडिओ पोचला नाही तिथे अर्धीच पोचली.

चौथा दलेर मेहंदी. ‘बोलो ता रा रा’ १९९५ चे, ‘तुनक तुनक तुन’ १९९८ चे. महामार्गावर पंजाबी चालकांची संख्या पाहता त्याला वेगळा प्रचार लागला नाही. ढोलाचा ठेका डिझेल इंजिनाच्या घरघरीवर मात करतो, आणि शब्द कळले नाहीत तरी वरातीत पाय थांबत नाहीत.

तिसरा ‘आशिकी’चा. नदीम-श्रवण यांची चाल, कुमार सानूचा नाकातून येणारा लांबट सूर. या चित्रपटापासून सानूने सलग पाच वर्षे फिल्मफेअर पुरस्कार घेतला. एका संपूर्ण पिढीने प्रेमपत्रात काय लिहायचे ते या कॅसेटवरून उचलले.

दुसऱ्या क्रमांकावर ‘हम आपके हैं कौन’, १९९४. चौदा गाणी आणि त्यांतली बहुतेक लग्नघरातली : साखरपुडा, जोडे लपवणे, डोहाळे, पाठवणी. बँडवाल्यांना यातून अख्खा हंगाम मिळाला. लताबाईंना यातल्या दीदी-देवराच्या गाण्यासाठी फिल्मफेअरचा विशेष पुरस्कार मिळाला. संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’मधून (१९७५) राम आणि लक्ष्मण, म्हणजे पाटील, ही संगीतकारांची जोडी पुढे आली. राम लवकर गेले, पण लक्ष्मणांनी मित्राचे नाव आपल्या नावापुढे शेवटपर्यंत ठेवले. मे २०२१ मध्ये नागपुरातच त्यांचे निधन झाले. दशकातले सर्वांत मोठे लग्नसंगीत कोहमाऱ्यापासून काही तासांवरच्या शहरातल्या माणसाने बांधले, ही गोष्ट विदर्भात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

आणि पहिला क्रमांकही नागपूरच्याच माणसाचा. अल्ताफ राजा यांचा ‘तुम तो ठहरे परदेसी’ हा अल्बम दशकाच्या उत्तरार्धात व्हीनसने काढला. ना चित्रपट, ना मॉडेल, ना परदेशी स्टुडिओ. मुख्य गाणे लांबलचक, कव्वालीच्या अंगाचे, मध्ये थांबून शेर सांगणारे, वर्षाच्या एकेका महिन्याचे नाव घेत प्रेमाची आणि बेवफाईची हकिगत पुढे नेणारे. संगीताच्या जाणकारांनी त्याकडे पाठ फिरवली, पण ट्रकच्या केबिनमध्ये ते अखंड वाजले. घरापासून महिना-महिना दूर असलेल्या माणसाला परक्या गावच्या पाहुण्याचे गाणे लागू पडावे यात आश्चर्य नाही.

विदर्भात त्याला आणखी एक मूळ होते. अल्ताफ राजांचे आई-वडील दोघेही कव्वाल. या भागात कव्वालीचा दुय्यम सामना ही रात्रभर चालणारी गोष्ट आहे. भीमजयंतीला, उरूसाला दोन पार्ट्या समोरासमोर बसतात आणि एकाने टाकलेल्या शेराला दुसरा जबाब देतो. गाणे मध्येच थांबवून श्रोत्यांशी बोलणे, एक ओळ तीनदा फिरवून चौथ्यांदा सोडणे, हे इथल्या कानांना सवयीचे. मुंबईत जे गाणे विचित्र वाटले ते इथे घरचे होते.

या पाचांत मराठी गाणे नाही, आणि त्याचे कारण मराठी गाणे कमी आवडत होते हे नव्हे. कोहमारा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत येते. धान घरात आला की दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि रात्री मंडपात नाटक. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. नाटकातल्या गाण्याला वन्स मोअर मिळतो, कधी दोनदा, कधी तीनदा, आणि पेटीवाला पुन्हा सूर धरतो. मराठी गाण्याची मोजणी तिथे, समोरासमोर व्हायची. आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या कॅसेट आणि भीमगीते यांची विक्री मोठी होती, पण कोणत्याही टीव्हीवरच्या मुकाबल्यात त्यांना जागा नव्हती.

पडद्यावरचे पहिले मोठे मराठी पॉप गाणे दशक संपल्यावर आले : वैशाली सामंत यांचे ‘ऐका दाजिबा’, संगीत अवधूत गुप्ते, साल २००२. मराठी उपग्रह वाहिन्या तोवर सुरू झालेल्या होत्या. ट्रकमध्येही कॅसेटच्या जागी एमपीथ्री सीडी आली होती. एका तबकडीवर शंभराहून जास्त गाणी मावत, त्यामुळे कॅसेट भरून देणाऱ्याने ‘पहिले कोणते टाकू?’ असे विचारणे बंद केले.