‘फुल इन्शुरन्स आहे ना!’ : गाडी आणि घराच्या क्लेमबद्दलचे गैरसमज

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेलं. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. प्रत्येक पुरानंतर गॅरेजच्या दारात चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग लागते आणि मालक एकच वाक्य ऐकवतात, ‘आपला फुल इन्शुरन्स आहे ना!’ क्लेम कशावर मिळतो आणि कशावर कापला जातो, हे बहुतेकांना त्या रांगेत उभं राहिल्यावरच कळतं. म्हणून नेहमीचे गैरसमज आधीच निस्तरलेले बरे.

गैरसमज : गाडीचा विमा आहे, म्हणजे पुराचं नुकसान भरून मिळणारच.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याने सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टी विम्याची. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याचं नुकसान झालं, तर ते तो विमा देतो. आपल्या गाडीला त्यातून एक पैसाही मिळत नाही. पूर, आग, चोरी, भूकंप, दरड, दंगल यांत आपल्या गाडीचं नुकसान झालं, तर ‘ओन डॅमेज’चं संरक्षण लागतं. गाडी जुनी झाली की हप्ता वाचवायला अनेक जण नुसत्या थर्ड पार्टीवर येतात आणि पुढे ते विसरूनही जातात.

गैरसमज : पाणी ओसरलं की आधी गाडी चालू होते का बघावं.

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन बसतं. मग कंपनी म्हणते, हे नुकसान पुराने नव्हे, गाडी चालू केल्याने झालं. साध्या पॉलिसीत असं परिणामी नुकसान धरलं जात नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण घ्यावं लागतं आणि त्याच्याही अटी असतात.

तेव्हा चावीला हात लावू नका. दारावर, सीटवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिचे फोटो काढा. कंपनीला कळवा, जमल्यास बॅटरीची वायर काढायला लावा आणि गाडी टोइंग करून गॅरेजला न्या. नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरने पाहण्याआधी इंजिन उघडायला देऊ नका.

गैरसमज : बिल होईल तेवढे पैसे कंपनी देते.

वस्तुस्थिती : बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा वजा होतो. प्रचलित पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरीला ५० टक्के, फायबर ग्लासला ३० टक्के आणि काचेला शून्य. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो.

साडेतीन वर्षांची छोटी गाडी धरा. बॉनेट २०,००० रुपयांचं, प्लॅस्टिकचा बंपर १०,००० चा, मजुरी ६,०००. रंग आणि कर तूर्त बाजूला ठेवू. बिल झालं ३६,०००. या वयाला धातूचा घसारा २५ टक्के, म्हणून बॉनेटचे १५,००० धरले जातात. बंपरचे ५,०००, मजुरी पूर्ण. बेरीज २६,०००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या कारसाठी सक्तीने कापले जाणारे १,००० गेले. हातात २५,०००, खिशातून ११,०००. यात कंपनीने फसवलेलं काही नाही. करारच तसा आहे. ही कपात टाळायची तर ‘झिरो डेप’ हे जादा संरक्षण घ्यावं लागतं.

गैरसमज : गाडी पूर्ण गेली, तर नव्या गाडीची किंमत मिळते.

वस्तुस्थिती : मिळते ती पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा जाता ठरलेली किंमत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. हप्ता कमी व्हावा म्हणून आयडीव्ही खाली आणणारा ग्राहक स्वतःचाच क्लेम कमी करून घेत असतो.

गैरसमज : हप्ता भरतो, मग बारीकसारीक ओरखड्यांचाही क्लेम घ्यावा.

वस्तुस्थिती : वर्षभर क्लेम नसेल तर नूतनीकरणावेळी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ही सूट म्हणजे एनसीबी (नो क्लेम बोनस). ती वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. एका क्लेमने ती सहसा शून्यावर येते. दोन-तीन हजारांच्या कामासाठी ती घालवणं तोट्याचं.

गैरसमज : तलाठ्याने पंचनामा केला, म्हणजे क्लेम झाला.

वस्तुस्थिती : तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विमा कंपनीला तो आपोआप जात नाही. पुरावा म्हणून त्याची प्रत जोडा, पण कंपनीला वेगळं कळवून क्लेम नंबर घ्यावाच लागतो.

आणखी एक समज असा, की सर्व्हेअर येईपर्यंत घर चिखलातच ठेवावं. उलट, नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी आहे. प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ काढा, भिजलेल्या वस्तूंची यादी करा आणि मग घर धुवा. फक्त बिघडलेला फ्रिज, फुगलेलं कपाट भंगारवाल्याला देऊ नका. सर्व्हेअरला ते दाखवावं लागतं.

गैरसमज : कळवायला उशीर झाला, आता क्लेम गेला.

वस्तुस्थिती : लगेच कळवणं केव्हाही चांगलं, पण निव्वळ उशिराच्या कारणावरून खरा क्लेम फेटाळता येतोच असं नाही. वाहनचोरीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये निकाल दिला, की पोलिसांत तक्रार तातडीने दिलेली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येणार नाही. म्हणून चोरी झाली की आधी पोलीस ठाणं गाठा.

गैरसमज : गृहकर्जाबरोबर विमा घेतलाय, म्हणजे घर सुरक्षित.

वस्तुस्थिती : कर्जाबरोबर दिला जाणारा विमा बऱ्याचदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटतं. भिंत पडली तर त्यातून काही मिळत नाही. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. आग, पूर, भूकंप, दरड, वीज पडणं त्यात येतं. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. दागिन्यांसाठी मात्र वेगळी निवड करावी लागते. साधी घरफोडीही यात बसत नाही. पूर किंवा आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरीच धरली जाते.

विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जागेच्या बाजारभावाचा नाही. पुण्यातला फ्लॅट ९० लाखांचा असला, तरी विमा चटईक्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून येईल तेवढ्याचाच.

गैरसमज : कंपनीने ‘नाही’ म्हटलं की विषय संपला.

वस्तुस्थिती : क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमणं, १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि त्यानंतर सात दिवसांत निर्णय, ही मुदत विमा नियामकाने २०२४ मध्ये घालून दिली आहे. नकार आला तर तो लेखी मागा आणि पॉलिसीतल्या कोणत्या अटीखाली आला ते विचारा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणं ते ऐकतात, फी नाही, वकीलही लागत नाही. लोकपालाकडे जाण्याची मुदत एक वर्षाची आहे, ती मात्र चुकवू नका.

पावसाळ्यापूर्वी आपण छपराची कौलं बघतो, गाडीचे वायपर बदलतो. त्याच आठवड्यात पॉलिसीही काढून चार गोष्टी तपासा : ओन डॅमेज आहे का, आयडीव्ही किती, इंजिन प्रोटेक्ट घेतलंय का आणि घराचा विमा खरोखर घराचाच आहे का. यात काही कमी असेल तर ते आत्ताच घेता येईल. दारात पाणी आल्यावर नाही.