नर्स मिळत नाही, की टिकत नाही?

मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं गाव. अशा गावांत दवाखान्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘मुली हे शिक्षण घेतच नाहीत, नर्स आणायच्या कुठून?’

घेतात. राज्यांच्या नर्सिंग परिषदांकडे देशभरात 33 लाखांहून अधिक नोंदी आहेत. नोंद म्हणजे ड्युटीवरची नर्स मात्र नव्हे. लग्नानंतर काम सोडलेल्या, परदेशी गेलेल्या, निवृत्त झालेल्या अशाही नर्स त्यात असतात. तरी सरकारी हिशेबाने हजार लोकांमागे जेमतेम दोन नर्स पडतात, अपेक्षा तीनची आहे.

‘सरकारी नोकरी कोण सोडतं?’ हा दुसरा समज. कायम नोकरी सहसा कोणी सोडत नाही. पण राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या सिस्टरच्या हातात बहुधा अकरा महिन्यांची ऑर्डर असते. कामं कायम कर्मचाऱ्याचीच, पगार मात्र बराच कमी. दहा वर्षं झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय राज्याने 2024 मध्ये घेतला. म्हणजे दशकभर हंगामी राहणं आपण मान्यच करून टाकलं होतं. मे 2022 मध्ये राज्यभरातल्या परिचारिकांनी संप केला, तोही कंत्राटी भरतीविरुद्ध. ‘पगारवाढीसाठी अडवणूक’ एवढ्यात तो गुंडाळणं मला पटत नाही.

खासगीत तरी बरं? सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिना किमान 20 हजार रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, एवढंच, अंमलबजावणी राज्यांवर सोडली.

परदेशाला दोष देणं सोपं आहे. जगातच 2023 मध्ये 58 लाख नर्स कमी होत्या, ओढ असणारच. मैंदर्गीतून निघालेलीला मात्र आधी सोलापूर आणि पुणेच गाठायचं असतं.

‘सिस्टर काय, सुई टोचते’ असं म्हणणाऱ्याने आरोग्य उपकेंद्राचा निकष पाहावा: सपाट प्रदेशात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, घरभेटी, वर ऑनलाइन नोंदी, सगळं बहुतांशी एएनएमवर, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरवर.

या पट्ट्यात घरात कन्नड आणि कागदावर मराठी चालते. बाळंतिणीला कुठे दुखतंय हे कन्नडमध्ये विचारता येणारी मुलगी इथलीच असणार. ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांना आरोग्यशिक्षणात प्रवेश द्या, ते गावाकडे टिकण्याची शक्यता जास्त, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. इथल्या मुलीला प्रवेशासोबत कायम ऑर्डर आणि राहण्याजोगं क्वार्टरही लागेल.