चार हात, चोवीस विष्णू

निकाल त्रिशंकू लागला की बुलडाण्यातल्या टपरीवरही ‘परम्युटेशन-कॉम्बिनेशन’ सुरू होतं. शब्द जोडीनं येतात, पण कामं वेगळी. कोण कोणाबरोबर बसणार, हे कॉम्बिनेशन. त्यातला अध्यक्ष कोण आणि उपाध्यक्ष कोण, हे परम्युटेशन. माणसं तीच, क्रम बदलला की सगळंच बदलतं!

परम्युटेशनचं मूळ लॅटिन ‘म्युतारे’, म्हणजे बदलणे. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकापासून आहे. तेव्हा तो अदलाबदलीसाठी वापरत, गणिती अर्थ पुढे आला. याच घराण्यातलं ‘म्युटेशन’ आपल्या तलाठ्याकडे मुक्कामाला आहे. सातबाऱ्यावर नाव चढवण्याआधी होणारा फेरफार, गाव नमुना ६, तो हाच. कोरोनात विषाणूचं रूप पालटलं, तेही म्युटेशनच.

आपल्याकडे या गणिताला नाव होतं अंकपाश. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला, म्हणजे बुलडाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातच. उदाहरण तर काय झकास! शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू अशा दहा वस्तू. हात बदलत गेले तर मूर्ती किती प्रकारच्या? उत्तर ३६,२८,८००. दर सेकंदाला एक मूर्ती पाहिली, तर न झोपता बरोबर ४२ दिवस लागतील.

त्याच श्लोकात विष्णूही आहे. शंख, चक्र, गदा, पद्म आणि हात चार: ४ × ३ × २ × १ = २४. संध्येत केशवापासून कृष्णापर्यंत नावंही चोवीसच! मूर्तिशास्त्रानं प्रत्येक क्रमाला एकेक नाव वाटून दिलंय. मला या साऱ्यात सर्वांत आवडतं ते हेच, की नुसत्या क्रमावरून देव ओळखता येतो.

मेहकरला शारंगधर बालाजीच्या दर्शनाला गेलात, तर मूर्तीचे हात जरूर वाचा. काळ्या पाषाणाची ही उंचीपुरी विष्णुमूर्ती १८८८ मध्ये जमिनीतून निघाली. वाचायची रीत अशी: मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात. उजवा तिचा, आपला नव्हे. इथेच बहुतेक जण चुकतात. मग वरचा उजवा, वरचा डावा, शेवटी खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर केशव. शंख, पद्म, गदा, चक्र असेल तर नारायण. पुढच्या काही नावांबाबत ग्रंथाग्रंथांत फरक आहे, म्हणून अभ्यासकांचे वादही रंगतात. गोडी लागली तर गो. बं. देगलूरकरांचं ‘विष्णुमूर्ते नमस्तुभ्यम्’ मिळवून वाचा.

गंमत म्हणजे ‘मेहकर’ची अक्षरंही चार, तीही २४ प्रकारे मांडता येतात. ‘मलकापूर’ची पाच, म्हणजे १२०. आणि बुलडाणा जिल्ह्याचे १३ तालुके? सिंदखेडराजापासून संग्रामपूरपर्यंत सगळे एकेकदा फिरायचे, पण दर फेरीला क्रम नवा. अशा फेऱ्या होतात ६,२२,७०,२०,८००. सुरुवात शेगावच्या कचोरीपासूनच करायची म्हटलं, तरी ४७,९०,०१,६०० वाटा शिल्लक राहतात.