जुन्या वाड्याचा फोटो काढताना

पुसद-उमरखेडकडे मातीच्या भिंतींचे, सागवानी खांबांचे वाडे अजून आहेत. हिस्सेवाटणी झाली, की पाडून स्लॅब पडतो. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दगडमातीची घरे क्षणात ढिगारा झाली. तेव्हा उभ्या वाड्याचा एक धड फोटो घ्याच.

अगदी दारासमोर उभे राहिल्यास वाडा पुठ्ठ्यासारखा चपटा येतो. कोपऱ्याकडे सरका, दोन्ही भिंती दिसून विस्तार कळतो. मोबाईल वर तिरपा केला, तर भिंती मागे कलतात. तो सरळ धरून चार पावले मागे या. जोते कापू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीचे पोपडेसुद्धा उठून दिसतात. मोटारसायकल तेवढी बाजूला घ्या बुवा! ओसरीवर आजीला बसवा, म्हणजे खांबाची उंची समजते. फोटो धुवून आणल्यावर मागे गाव आणि साल लिहा.