शाळेनंतरची वाट आणि घरचा हिशेब
(उपनगरांतील पालकांसाठीं नभोवाणीवरील भाषण)



दहावीचा किंवा बारावीचा निकाल ज्या दिवशीं लागतो, त्या दिवशीं आपल्या उपनगरांतील घराघरांतून एकच चर्चा चालूं असते. अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर असो कीं मुलुंड असो, पेढे वाटून होतात, शेजारीपाजारी येऊन जातात, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर वडील हळूच विचारतात, "मग, पुढें काय ठरवलेंस?" मुलगा एखाद्या महाविद्यालयाचें नांव सांगतो. आई विचारते, "आणि फी किती रे?" एक आंकडा उच्चारला जातो, आणि थोडा वेळ कोणीच बोलत नाहीं. त्या निःशब्द क्षणाविषयीं मी आज आपल्याशीं बोलणार आहें.

हिशेबाची चूक बहुधा येथेंच होते. आपण पहिल्या वर्षाची फी पाहतों. ती कशीबशी भरतां येईल असें दिसलें कीं होकार देतों, आणि जड वाटली कीं मुलाचें मन मोडतों. दोन्ही निर्णय अपुऱ्या माहितीवर घेतलेले असतात. शिक्षण ही एका वर्षाची खरेदी नव्हे. तो पांच-सहा वर्षांचा प्रवास आहे. प्रवासास निघणारा शहाणा मनुष्य केवळ तिकिटाची किंमत विचारीत नाहीं. वाटेंत कोणतीं स्थानकें लागतात, कोठें उतरतां येतें आणि उतरल्यावर पुढची गाडी मिळते कीं नाहीं, हेंही तो आधीं विचारून घेतो. शिक्षणाच्या बाबतींत हेच तीन प्रश्न विचारावेत. पहिली कमाई हातीं येईपर्यंत एकूण खर्च किती होईल? मध्येंच थांबण्याची वेळ आली तर हातांत काय राहील? आणि एकदां थांबल्यावर पुन्हां पुढें जातां येईल काय?

प्रथम फीविषयीं. एकाच महाविद्यालयाच्या एकाच इमारतींत एका वर्गाची फी कांहीं हजार रुपये आणि शेजारच्या वर्गाची तिच्या कित्येक पट असते, हें पाहून पुष्कळ पालक गोंधळतात. याचें कारण अनुदान हें आहे. कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांच्या जुन्या अनुदानित वर्गांतील अध्यापकांचे पगार शासन देतें. म्हणून तेथील फी अल्प असते. व्यवस्थापन, माध्यमें, माहिती तंत्रज्ञान इत्यादि नांवांचे जे नवे अभ्यासक्रम निघाले, त्यांतील बहुतेकांचा सारा खर्च विद्यार्थ्यांच्या फींतूनच भागवावा लागतो. अभियांत्रिकीचेंही तसेंच. महाराष्ट्रांत १९८३ सालीं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली. जागा वाढल्या, पण त्यांचा भार पालकांच्या खांद्यावर आला. फी अधिक म्हणून शिक्षण अधिक चांगलें, असा मात्र कांहीं नियम नाहीं. तेव्हां अर्ज भरतांना "अनुदानित" कीं "विनाअनुदानित" हा एक शब्द सर्वांत आधीं वाचावा.

आतां अभियांत्रिकीचेंच उदाहरण घेऊन पाहूं. दहावीनंतर विज्ञान शाखेंत दोन वर्षें आणि मग पदवीचीं चार, मिळून सहा वर्षें होतात. दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घ्यावी. ती चांगल्या गुणांनीं मिळाली तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळतो, आणि पुढें तीन वर्षें लागतात. म्हणजे मिळून सहाच वर्षें! काळ तितकाच लागतो; पण मधल्या स्थानकांत केवढा फरक! पहिल्या वाटेचा विद्यार्थी घरच्या अडचणीमुळें तीन वर्षांनीं थांबला, तर त्याच्याजवळ बारावीचें प्रमाणपत्र आणि पदवीचें एक वर्ष एवढेंच असतें. दुसऱ्या वाटेचा थांबला, तर त्याच्या हातांत पुरी पदविका असते. तिच्यावर तो नोकरी धरूं शकतो आणि दोन वर्षांनीं घर सांवरल्यावर पुन्हां पदवीकडे वळूं शकतो. शिवाय हा दुसऱ्या वर्षाचा प्रवेश पदविकेच्या गुणांवर मिळतो. त्यासाठीं बारावीची सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाहीं, आणि तिच्या खाजगी क्लासचा खर्चही वांचतो.

वांद्र्याचें शासकीय तंत्रनिकेतन किंवा विलेपार्ल्याचें १९६२ पासूनचें श्री भागुभाई मफतलाल तंत्रनिकेतन हीं आपल्या लोकलच्या पल्ल्यांतच आहेत. मुंबईस तंत्रशिक्षणाची ही परंपरा नवी नाहीं. १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नांवानें निघालेली आणि आज माटुंग्यास वीरमाता जिजाबाई यांचें नांव धारण करणारी संस्था त्याच हेतूनें जन्मास आली होती. मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ज्याचा ओढा वैद्यकाकडे किंवा शुद्ध विज्ञानाकडे आहे, त्यानें अकरावीच धरावी. आणि ज्यास गणिताचा मनापासून कंटाळा आहे, त्यास केवळ स्वस्त म्हणून पदविकेस घालूं नये. दुसऱ्या वर्षाच्या चांगल्या जागा मोजक्या असतात. त्या चांगले गुण मिळविणारांसच मिळतात.

आय. टी. आय. म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, हें नांव काढलें कीं सुशिक्षित घरांतून अजूनही नाक मुरडलें जातें. हा समज सोडण्याची वेळ आली आहे. मुलुंड, बोरिवली, कुर्ला येथें शासनाच्या अशा संस्था आहेत, आणि तेथील फी मध्यमवर्गीय घरास जाणवूंही नये इतकी कमी आहे. दहावीनंतर वीजतंत्री, जोडारी अशा व्यवसायाचीं दोन वर्षें पुरीं केलेल्या विद्यार्थ्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. पुढें हिशेब करा: दोन आणि दोन चार, आणि पदवीचीं तीन, एकूण सात वर्षें. सरळ वाटेहून एकच वर्ष अधिक. पण वाटेंत दोन ठिकाणीं कमाईचें स्थानक! १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यान्वयें मोठ्या कारखान्यांस उमेदवार घ्यावे लागतात व त्यांस विद्यावेतन द्यावें लागतें. माझगांव गोदी, परळ व माटुंगा येथील रेल्वेचे कारखाने हीं अशा उमेदवारीचीं जुनीं स्थानें आहेत. कोणी म्हणतील, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांची रांग होती, त्यांतील कितीतरी बंद होऊन तेथें उंच इमारती उभ्या राहिल्या. आतां कारागिरास कोण विचारतो? परंतु त्या उंच इमारतींतील लिफ्ट, पाण्याचे पंप, विजेचीं व थंड हवेचीं यंत्रें चालविण्यास आणि दुरुस्त करण्यास जाणता हात लागतोच. कारखाना गेला, काम गेलें नाहीं.

वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्यांस तर स्वस्त वाट अगदीं दाराशीं आहे. बी. कॉम.चे वर्ग उपनगरांत पुष्कळ ठिकाणीं सकाळीं भरतात, आणि दुपार मोकळी राहते. तिचा उपयोग कसा करावयाचा, हाच खरा प्रश्न आहे. सनदी लेखापालाच्या म्हणजे सी. ए.च्या परीक्षांची संस्था १९४९ सालीं कायद्यानें स्थापन झाली. बारावीनंतर पहिली परीक्षा, मग मधली परीक्षा, त्यानंतर एखाद्या लेखापालाकडे उमेदवारी आणि शेवटची परीक्षा, असा तिचा क्रम आहे. पूर्वीं तीन वर्षांची असलेली ही उमेदवारी २०२३ च्या नव्या योजनेंत दोन वर्षांची झाली आहे, आणि तिच्यांत विद्यावेतन मिळतें. संस्थेची स्वतःची फी मोठी नाहीं. मोठी असते ती क्लासची. परीक्षा मात्र कठीण आहे, व पुष्कळांस ती अनेकदां द्यावी लागते. म्हणून बी. कॉम. सोडून केवळ त्या परीक्षेच्या मागें लागूं नये. पदवी हें हातचें राखलेलें नाणें समजावें.

नोकरी करून शिकणें यांत कमीपणा मानणारांस मला मुंबईच्याच इतिहासाची आठवण द्यावीशी वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९४६ सालीं सिद्धार्थ महाविद्यालय काढलें, तेव्हां दिवसा कचेरींत जाणाऱ्या तरुणांस शिकतां यावें म्हणून तेथें सकाळचे वर्ग ठेविले. मुंबई विद्यापीठानें १९७१ सालीं पत्राद्वारें शिक्षण सुरू केलें. नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें. ज्या मुलास घरास हातभार लावणें भाग आहे, त्यास शिक्षण सोडण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं. नव्या शैक्षणिक धोरणानें तर पदवीच्या मार्गावरही ठराविक अटींवर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी अशीं उतरण्याचीं व पुन्हां चढण्याचीं स्थानकें ठेविलीं आहेत.

महाविद्यालय दूर कीं जवळ, हाही हिशेबाचाच भाग आहे. एके काळीं उपनगरांतील मुलास पदवीसाठीं शहरांतच जावें लागे. १९४६ सालीं अंधेरीस भवन्स महाविद्यालय निघालें, पुढें विद्याविहारास सोमय्या, घाटकोपरास १९६३ सालीं झुनझुनवाला महाविद्यालय, आणि मग मुलुंडासही महाविद्यालयें झालीं. २०१४ पासून अंधेरी आणि घाटकोपर मेट्रोनें जोडलीं गेलीं. तरीही केवळ नांवासाठीं बोरिवलीहून चर्चगेटपर्यंत रोज तीन तास गर्दींत घालविणारीं मुलें आहेत. त्या तीन तासांत शिकवणी होते, अभ्यास होतो, उमेदवारी होते. जवळच्या चांगल्या महाविद्यालयाचा हा फायदा फीच्या पावतीवर छापलेला नसतो.

आतां सवलतींविषयीं. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवें शासनाची शिष्यवृत्ति आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या वर्गाच्या कुटुंबास शिक्षणशुल्काचा निम्मा भार तिनें हलका होतो. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, त्याच उत्पन्नमर्यादेंतील मुलींस शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालें आहे. पण येथें एक अट फार महत्त्वाची आहे. प्रवेश शासनाच्या मध्यवर्ती प्रक्रियेंतून झालेला असावा लागतो. संस्थेच्या स्वतःच्या कोट्यांतून जागा घेतली कीं सवलत गेली. दुसरें, दाखले. मुंबई उपनगर जिल्ह्याचे अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीन तालुके आहेत. घाटकोपर व मुलुंडकरांचा तालुका कुर्ला. निकालानंतर तेथें किती गर्दी होते, हें आपण जाणतांच. अधिवासाचा व जातीचा दाखला, आणि लागत असल्यास जातवैधता, यांची तयारी दिवाळीपासूनच करावी; उत्पन्नाचा दाखला एप्रिल लागतांच काढावा. एका कागदासाठीं हजारों रुपयांची सवलत हुकणें, याहून वाईट तें काय?

इतकें करूनही कर्ज काढावें लागलें, तर तें अवश्य काढावें. परंतु त्याचा आंकडा आधीं मांडावा. समजा, दरसाल दीड लाख याप्रमाणें चार वर्षांत सहा लाख रुपये शेंकडा दहा व्याजानें घेतले. शिक्षणकर्जाची फेड सामान्यतः अभ्यासक्रम संपून एक वर्षानें सुरू होते. तोंवर सरळ व्याज धरलें तरी पहिल्या वर्षाच्या रकमेवर पांच वर्षांचें, दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर चार वर्षांचें, असें मिळून दोन लाख दहा हजार रुपये चढतें. म्हणजे देणें आठ लाख दहा हजारांचें झालें. तें सात वर्षांत फेडावयाचें तर हप्ता दरमहा सुमारें साडेतेरा हजार रुपयांचा पडतो. मुलाचा पहिला पगार पंचवीस हजार असेल, तर निम्म्याहून अधिक तेथेंच जाईल. हा हिशेब मुलास दाखवा. अठरा वर्षांचा मुलगा तो समजूं शकतो. आणि समजून घेतलेलें ओझें निम्में हलकें होतें.

शेवटीं एकच गोष्ट. घराच्या हिशेबांत एक नांव पुष्कळदां लिहावयाचें राहून जातें. तें असतें धाकट्या मुलीचें. थोरल्याच्या महागड्या अभ्यासक्रमांत सारी शिल्लक गेली, आणि तिची पाळी आली तेव्हां "तूं आपली जवळच्याच कोठेंतरी शीक" असें सांगण्यांत आलें, हें दृश्य चांगल्या, प्रेमळ, शिकल्यासवरल्या घरांतूनही दिसतें. त्यांत कोणाचा दुष्टावा नसतो. केवळ चार वर्षांपूर्वीं एक हिशेब करावयाचा राहिलेला असतो. धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं महिलांसाठीं विद्यापीठ काढलें, त्याला शंभराहून अधिक वर्षें होऊन गेलीं. तिची पाळी अजूनही उरल्यासुरल्यावर अवलंबून असावी, हें आपणांस शोभत नाहीं.

तेव्हां निकालाच्या रात्रीं तो आंकडा उच्चारला जाईल, तेव्हां गप्प बसूं नका. एक कोरा कागद घ्या. त्यावर दोन्ही मुलांचीं नांवें लिहा, प्रत्येक वाटेवरचीं स्थानकें लिहा, आणि मुलांना जवळ बसवून बेरीज करा. बेरीज कदाचित् मनासारखी येणार नाहीं. पण ती सर्वांची मिळून केलेली असेल.