हिंसक गेम आणि मुलांचा राग : हे मोजतात कसं?

मुलगा तासन्‌तास मोबाइलवर गोळ्या झाडत बसतो. उद्या हाच मुलगा खऱ्या माणसावर हात उचलेल का, ही भीती आईबापांना वाटली तर त्यात नवल नाही. या प्रश्नावर गेली चाळीसेक वर्षं संशोधन चाललंय. तरीही एका बातमीत ‘होय’ वाचायला मिळतं आणि दुसरीत ‘नाही’, आणि दोन्ही बातम्यांमागे खरे अभ्यास असतात. हा घोळ समजून घ्यायचा तर आधी एका साध्या गोष्टीकडे पाहायला हवं : आक्रमकता मोजायची कशी?

प्रयोगशाळेत कुणाला कुणाशी मारामारी करू देता येत नाही. म्हणून संशोधक तिच्या जागी एखादी निरुपद्रवी कृती घेतात. सगळ्यात गाजलेली पद्धत कर्कश आवाजाची. तुम्हाला सांगितलं जातं, की शेजारच्या खोलीत तुमचा प्रतिस्पर्धी बसलाय. खूण दिसताच दोघांनी बटण दाबायचं. जो हरेल त्याच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज वाजणार, आणि तो किती मोठा, किती वेळ, हे दुसऱ्याने ठरवायचं. प्रत्यक्षात शेजारी कुणीच नसतं, हारजीत संगणकच ठरवतो. तुम्ही समोरच्याला दिलेला आवाज म्हणजे तुमची आक्रमकता, असं इथे धरलेलं असतं.

अमेरिकेत क्रेग अँडरसन आणि कॅरन डिल यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच पद्धतीचा. २१० विद्यार्थ्यांपैकी काहींना ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ खेळायला दिला. त्यात नाझींच्या किल्ल्यातून पहारेकऱ्यांना गोळ्या घालत निसटायचं असतं. बाकीच्यांना दिला ‘मिस्ट’, निर्जन बेटावरची कोडी सोडवण्याचा शांत खेळ. नंतर आवाजाच्या स्पर्धेत, हरल्यावर सूड घ्यायची वेळ आली तेव्हा, हिंसक गेम खेळलेल्यांनी बटण जास्त वेळ दाबून धरलं. हा निष्कर्ष जगभर गाजला. पण फरक होता सेकंदाच्या लहानशा अंशाचा. आवाज किती मोठा दिला यात फरक दिसला नाही, आणि जिंकल्यानंतरच्या फेऱ्यांतही दिसला नाही.

खरी अडचण इथेच आहे. आवाजाचा मोठेपणा मोजायचा की कालावधी? दोन्हींचा गुणाकार करायचा? पहिलीच फेरी घ्यायची की सगळ्यांची सरासरी? जर्मन मानसशास्त्रज्ञ माल्टे एल्सन यांनी ही पद्धत वापरणारे सुमारे १३० शोधनिबंध तपासले, तेव्हा त्यांत गुण काढण्याच्या दीडशेहून अधिक रीती निघाल्या. एकाच माहितीतून एका रीतीने ‘परिणाम आहे’ येतं आणि दुसरीने ‘नाही’. संशोधक मुद्दाम फसवतो असं नव्हे. पण आकडे हातात आल्यावर रीत निवडायची मुभा असली, की अपेक्षित उत्तराकडे हात नकळत वळतो. शिवाय ‘फरक दिसला नाही’ असे निबंध छापून येण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे छापील चित्र आणखी एका बाजूला झुकतं.

दुसरी गोम तुलनेत आहे. वुल्फेन्स्टाइन आणि मिस्ट यांत फक्त हिंसेचा फरक नाही. एक वेगवान, चुरशीचा आणि अवघड, तर दुसरा संथ. मग बटण जास्त वेळ दाबायला लावलं ते रक्तपाताने, की चुरशीने, की हरण्याच्या चिडचिडीने?

हे वेगळं काढण्यासाठी अँड्र्यू शिबिल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग मला या विषयातले सगळ्यात बोलके वाटतात. एका प्रयोगात प्रत्येकाला आधी गार पाण्यात २५ सेकंद हात बुडवायला लावला. ही वेळ आधीच्या माणसाने ठरवली, असं सांगितलं. खरं तर ती सर्वांना सारखीच होती. मग सगळ्यांना ‘टेट्रिस’ दिला, तोच वरून ठोकळे पडणारा, ज्यात हिंसेचा मागमूस नाही. फक्त अर्ध्या लोकांच्या टेट्रिसमध्ये गुपचूप बदल केला होता : नेमके न बसणारे ठोकळे पडत राहायचे. खेळ संपल्यावर विचारलं, पुढच्या माणसाने पाण्यात किती वेळ हात ठेवायचा? छळवादी टेट्रिस खेळलेल्यांनी सरासरी दहा सेकंद जास्त सांगितले. एका हिंसक गेममधून मारामारी काढून टाकूनही त्यांनी पाहिलं. खेळाडूंचा राग वाढला तो गोळीबारामुळे नव्हे, तर बटणं नीट कळली नाहीत, खेळ जमेना, तेव्हा. कॅनडात पॉल अडाची आणि टीना विलोबी यांनी चुरस सारखी ठेवून हिंसक आणि अहिंसक गेमची तुलना केली, तेव्हाही आक्रमकतेतला फरक हिंसेशी नव्हे, चुरशीशी जुळला.

आता कुणी म्हणेल, पंधरा मिनिटांच्या खेळाने काय कळणार, वर्षानुवर्षांचं काय? आक्षेप बरोबर आहे. त्यासाठी त्याच मुलांना काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा प्रश्न विचारावे लागतात, आणि मूल आधीच मारकुटं होतं का हेही हिशेबात धरावं लागतं. कारण मारकुट्या मुलाला मारधाडीचे गेम आवडतात असंही असू शकतं. २०१८ साली अशा २४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यांत ९ ते १९ वयाची १७,०००हून अधिक मुलं होती. मुलाचा मूळ स्वभाव हिशेबात धरूनही हिंसक गेम आणि पुढची मारामारी यांत संबंध सापडला, पण किती? शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध. इथे आकडा आला ०.०८च्या आसपास. तो शून्य नाही, हे मान्य करायला हवं. पण एवढ्यावरून एखाद्या मुलाचं भाकीत करता येत नाही, हेही तितकंच खरं.

त्याच सुमारास जर्मनीत सिमोन क्यून आणि सहकाऱ्यांनी प्रौढांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’ खेळायचा, दुसऱ्याने घरसंसाराचा ‘द सिम्स थ्री’, तिसऱ्याने काहीच नाही. आक्रमकता, सहानुभूती, आवेगावर ताबा अशा अनेक बाबी आधी, लगेच नंतर आणि आणखी दोन महिन्यांनी तपासल्या. २०८ चाचण्यांपैकी गेमला दोषी ठरवणाऱ्या निघाल्या फक्त तीन. एवढ्या चाचण्यांत निव्वळ योगायोगानेही दहाएक निघाल्या असत्या.

रीत निवडण्याची पळवाट बंद करायचा उपायही आता सापडलाय. विश्लेषण कसं करणार हे माहिती हाती येण्याआधीच लिहून जाहीर करायचं, मग फिरायला जागा उरत नाही. शिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९ साली ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या १,००४ मुलांवर असाच अभ्यास प्रसिद्ध केला. गेम हिंसक की नाही हे मुलांना न विचारता अधिकृत मानांकनावरून ठरवलं, आणि मुलाचं वागणं पालकांना विचारलं. संबंध सापडला नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली भूमिका स्पष्ट केली : हिंसक गेमचा ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी छोटा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला शास्त्रीय आधार नाही, आणि तसं केल्याने खऱ्या कारणांवरून लक्ष उडतं. आपल्याकडे २०२० साली ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली तीसुद्धा देशाची सुरक्षा आणि लोकांच्या खासगी माहितीच्या मुद्द्यावर, मुलांच्या रागावर नव्हे.

मग घरात गेम थांबवताना होणारा तमाशा? तो खराच असतो, पण त्याची कारणं वर आलीच आहेत : हरणं, चुरस, अर्ध्यावर तुटलेला डाव. पबजीसारख्या खेळात शंभर जण बेटावर उतरतात, शेवटी एक जण किंवा एकच संघ उरतो, आणि मधे खेळ थांबवायची सोय नसते. जेवायला हाक मारून अशा वेळी फोन हिसकावला की मुलाचा अर्ध्या तासाचा डाव वाया जातो आणि सोबत्यांचाही घात होतो. माझं मत विचाराल तर बंदीपेक्षा ‘हा डाव संपला की फोन खाली’ हा करार जास्त टिकतो.

याचा अर्थ आठ वर्षांच्या मुलाला काहीही खेळू द्यावं असा नाही. ग्रँड थेफ्ट ऑटो युरोपीय मानांकनात अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहे. त्यातली क्रूरता आणि लैंगिक दृश्यं लहान मुलांसाठी नाहीतच, मग राग वाढो न वाढो. गेम डाउनलोड करताना वयाचा आकडा तिथेच लिहिलेला असतो, तो वाचा. आणि मूल खरोखर मारकुटं झालं असेल, तर फोन काढून घेण्याआधी बघा : ते पुरेसं झोपतंय का, शाळेत कुणी त्याला छळतंय का, घरात कुणी त्याच्यावर हात उचलतंय का.